क्वालालंपूरचे तीन दिवस: यादी बाजूला ठेवा, वस्त्या पाहा

प्रश्न पुण्याच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील. क्वालालंपुरात पूर्ण तीन दिवस आहेत. सगळे शाकाहारी, आई कांदा-लसूणही खात नाहीत. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात पेट्रोनास टॉवर, केएल टॉवर, बातू केव्हज, पुत्रजाया, गेंटिंग हायलँड्स आणि एक चॉकलेटचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं असं: "या शहरात मलय, चिनी, भारतीय एकत्र राहतात असं ऐकलंय, पण या यादीत ते कुठे दिसतच नाही. काय करावं?"

तुमची शंका रास्त आहे. यादी टाकाऊ नाही, पण ती बसच्या आणि दुकानांच्या सोयीने केलेली आहे. मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन या शहरात येतोय आणि माझं मत पक्कं झालंय. क्वालालंपूर ठिकाणांच्या यादीने पाहिलं, तर ते मॉल आणि उंच इमारतींचं, जगात कुठेही असू शकेल असं शहर वाटतं. वस्तीवस्तीने, पायी पाहिलं, तर ते कुणी, कशासाठी आणि कुणाच्या शेजारी वसवलं हे समजतं. त्यासाठी फार पायपीटही करावी लागत नाही. जुनं शहर जेमतेम दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आहे.

आधी काय गाळायचं ते सांगतो. गेंटिंग गाळा. डोंगरावर जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, वर कॅसिनो, थीम पार्क आणि मॉल. आठवडाभर असतात त्यांनी जावं, तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस त्याला देऊ नये. पुत्रजाया ही १९९९ पासून सरकारी कचेऱ्यांची नवी नगरी. तळ्याकाठची गुलाबी मशीद देखणी आहे, पण ती विमानतळाच्या वाटेवर तासाभरात उरकता येते. चॉकलेटचं दुकान हा खरेदीचा थांबा आहे, तो स्पष्ट शब्दांत काढायला सांगा. चॉकलेट कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं. दोन मनोऱ्यांपैकी एकावरच चढा, त्याबद्दल पुढे सांगतोच.

आता शहर. सुरुवात क्लांग आणि गोंबाक या नद्यांच्या संगमावरून करा, कारण शहराचीही सुरुवात तिथूनच झाली. १८५७ साली क्लांगचे मलय सरदार राजा अब्दुल्ला यांनी कथिलाच्या शोधात ८७ चिनी खाणकामगार नदीतून वर पाठवले. होड्या संगमापर्यंतच येऊ शकल्या, तिथून आम्पांगपर्यंत ती माणसं जंगल तुडवत गेली. त्यातली बहुतेक महिन्याभरात मलेरियाने दगावली. पण कथिल सापडलं होतं, म्हणून मागून आणखी माणसं येत राहिली. संगमाशी माल उतरू लागला, दुकानं झाली, झोपड्या झाल्या. म्हणजे बोलावणारा मलय, खणणारा चिनी. भारतीय थोडे उशिरा, पण मोठ्या संख्येने आले.

मस्जिद जामेक या एलआरटी (शहरी रेल्वे) स्थानकावर सकाळी साडेआठच्या सुमारास उतरा. संगमाच्या टोकावर, विटांच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, माडांच्या गर्दीतली जी मशीद दिसते ती १९०९ ची. तिचा आराखडा आर्थर बेनिसन हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाने केला. तिच्याआधी त्या जागी मलय लोकांचं कब्रस्तान होतं. नदीपलीकडे तांब्याच्या घुमटांची लांबलचक इमारत आहे, ती सुलतान अब्दुल समद बिल्डिंग. ती १८९७ मध्ये ब्रिटिशांच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पूर्ण झाली, तिचा घड्याळाचा मनोरा ४१ मीटर उंच आहे. तुमच्या वडिलांना ती ओळखीची वाटेल. मुंबईचं जीपीओ आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ज्या इंडो-सारासेनिक शैलीत आहेत, त्याच घराण्यातली ही इमारत. मलयांचा देश मुसलमान, म्हणून इंग्रजांनी हिंदुस्तानात वापरलेले मुघल धाटणीचे घुमट आणि कमानी इथे आणून बसवल्या. स्थानिक मलय बांधकाम लाकडी, उंच खांबांवरचं आणि उतरत्या छपरांचं असतं. ते पाहायला तिसऱ्या दिवशी जायचं आहे.

या इमारतीसमोरचं हिरवं मैदान म्हणजे दातारान मेर्देका. ३० ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री इथे युनियन जॅक उतरला. मैदानाच्या एका कडेला इंग्रजांचा जुना क्लब, दुसरीकडे सेंट मेरी चर्च, पाठीमागे मशीद. मुलीला इथे उभं करून चारी दिशांना फक्त पाहायला सांगा, इतिहासाचं अर्धं पुस्तक समोर आहे.

इथून परत फिरून लेबूह आम्पांग या रस्त्याला लागा. तमिळनाडूतून आलेल्या चेट्टियार सावकारांची ही जुनी पेठ. चिनी खाणमालकांना आणि दुकानदारांना ते कर्ज देत. आता पेढ्या कमी झाल्या आहेत, पण जुन्या दुमजली दुकानघरांवर मोरांची नक्षी अजून आहे. मान वर करून चाला. पुढे मेदान पासार हा छोटा चौक लागतो. हा पूर्वीचा बाजार. मधला आर्ट डेको घड्याळाचा मनोरा १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ उभारला होता.

या चौकाशी याप आह लॉय या माणसाची ओळख करून घ्या, नाहीतर पुढची देवळं नुसती रंगीत वाटतील. १८६८ मध्ये तो इथल्या चिन्यांचा तिसरा 'कापितान', म्हणजे म्होरक्या झाला. सेलांगोर या इथल्या मलय राज्याच्या यादवी युद्धात वस्ती बेचिराख झाली, ती त्याने पुन्हा उभी केली. १८८१ मध्ये आधी आग लागली, मग पूर आला, तेव्हाही तो पुन्हा उभा राहिला. त्या आगीनंतर ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे सुलतानाच्या राज्यात नेमलेले इंग्रज अधिकारी, फ्रँक स्वेटनहॅम यांनी नियम केला की घरं लाकूड आणि झावळ्यांची नकोत, विटा आणि कौलांची हवीत. विटांसाठी शहराच्या दक्षिणेला भट्ट्या लागल्या. तो भाग म्हणजे आजचं ब्रिकफील्ड्स. पुढे तिथेच रेल्वेचं यार्ड आलं आणि रेल्वेसाठी तमिळ कामगार व सिलोनमधले तमिळ कारकून आले. आज ज्याला 'लिटल इंडिया' म्हणतात, त्याचं मूळ असं एका आगीत आहे.

यापने १८६४ च्या सुमारास स्थापलेलं सिन सझे सी या हे देऊळ मेदान पासारपासून काही मिनिटांवर आहे. दुकानांच्या रांगेत दार इतकं अरुंद की पाहिलं न पाहिलं व्हावं. आत गेलात की धूप, काळवंडलेले खांब आणि सोनेरी कोरीवकाम. इथले मुख्य देव म्हणजे एकेकाळची हाडामांसाची माणसं, यापच्या बाजूचे सरदार, ज्यांना मरणानंतर देवत्व दिलं गेलं. आपल्याकडे गावोगावी वीरगळाला शेंदूर लागतो, त्याच जातीची ही श्रद्धा आहे. मुख्य वेदीच्या मेजाखालून वाकून पलीकडे निघायची इथे प्रथा आहे, त्याने वाईट ग्रह टळतात असं मानतात. मुलगी नक्की निघेल, आजी-आजोबांना आग्रह करू नका.

मग जालान तुन एच. एस. ली या रस्त्याने दक्षिणेकडे चला. हे आहे या शहराचं काळीज. डाव्या-उजव्या हाताला, एकमेकांच्या जवळजवळ समोर, चिन्यांचं ग्वान दी देऊळ आणि तमिळांचं श्री महामारिअम्मन देऊळ. ग्वान दीमध्ये छतापासून धुपाच्या मोठमोठ्या सर्पिल उदबत्त्या टांगलेल्या, त्यांची राख खाली पडते, म्हणून डोळे सांभाळा. महामारिअम्मनचं पाच मजली गोपुर २२.९ मीटर उंच आहे, ते १९६८ मध्ये झालं. देऊळ मात्र १८७३ चं. बाहेर मोगरा, शेवंतीच्या माळा घेऊन बसलेल्या विक्रेत्यांचे हात बघत थोडं थांबा. चपला कोपऱ्यावरच्या माणसाकडे ठेवायच्या आणि थोडे पैसे द्यायचे. फुलं विकत घेणाऱ्यांत चिनी चेहरेही दिसतील. एका देवळात माळ घालून समोरच्या देवळात उदबत्ती लावणारी माणसं इथे नवलाची नाहीत.

महामारिअम्मनचे संस्थापक के. तंबुसामी पिळ्ळै हे नाव लक्षात ठेवा. कारकून म्हणून सुरुवात केलेला हा तमिळ गृहस्थ पुढे कंत्राटदार आणि खाणमालक झाला. लोक यू या चिनी उद्योजकाबरोबर भागीदारीत त्याने १८९४ मध्ये रावांगच्या कथिलाच्या खाणीत विजेचे पंप बसवले. मलायातली वीज सुरू झाली ती या जोडीमुळे. बातू केव्हजचं देऊळही त्यानेच स्थापलं. बहुसांस्कृतिक शहर म्हणतात ते असं. तिथे वेगवेगळे लोक एकमेकांचे भागीदार, सावकार, गिऱ्हाईक आणि शेजारी असतात. नुसत्या वेशभूषांच्या मिरवणुकीतून ते कळत नाही.

मागच्या गल्लीत पेतालिंग स्ट्रीट. नकली घड्याळं आणि पर्सांच्या भागात वेळ घालवू नका. शेजारची ग्वाय चाई हाँग ही दुरुस्त करून रंगवलेली गल्ली मुलीला आवडेल. सेंट्रल मार्केटची आजची निळसर आर्ट डेको इमारत १९३७ ची, पूर्वी इथे मासळी-भाजीचा बाजार भरे, आता हस्तकला आहे. बाटिक, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड, घ्यायचं तर इथे घ्या. आत वातानुकूलन, बसायला जागा आणि स्वच्छतागृह आहे. ज्येष्ठ बरोबर असताना माझ्या दृष्टीने हे वारसास्थळाइतकंच महत्त्वाचं. सगळी फेरी रमतगमत तीन-साडेतीन तासांची. दुपारचं ऊन चढायच्या आत संपते.

दुपारी बाहेर फिरूच नका. शहर विषुववृत्ताच्या तीन अंश उत्तरेला आहे, बाराही महिने घामाच्या धारा आणि बहुतेक दिवशी तिसऱ्या प्रहरी गडगडाटी पाऊस. छत्री कायम बरोबर. या वेळेसाठी इस्लामिक आर्ट्स म्युझियम हे माझं आवडतं ठिकाण. एजंटांच्या यादीत ते कधीच नसतं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात भारत, चीन आणि मलय जगत अशी तीन स्वतंत्र दालनं आहेत. मशिदींच्या प्रतिकृतींच्या दालनात चिनी छपराची मशीद पाहून मोठी माणसंही थबकतात. शेजारीच १९६५ ची राष्ट्रीय मशीद आहे. हिला घुमट नाही. अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखं निळं छप्पर आहे, त्याच्या १८ टोकांतली १३ राज्यांची आणि पाच इस्लामच्या स्तंभांची. पाहुण्यांना झगे तिथेच मिळतात. शुक्रवारी दुपारी कुठल्याच मशिदीचा बेत आखू नका.

पेट्रोनासला जायचंच. ४५१.९ मीटर, ८८ मजले, सेझर पेली यांचा आराखडा. मजल्यांचा नकाशा आठ टोकांच्या इस्लामी तारकेवर बेतलेला आहे. एक मनोरा जपानी कंपन्यांनी आणि दुसरा कोरियन कंपन्यांनी बांधला. १९९८ ते २००४ ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. वर जायची तिकिटं मर्यादित असतात, ती आधी ऑनलाइन काढा. सोमवारी बंद असतं. पण मला विचाराल तर पैसे खर्च करून चढण्यापेक्षा संध्याकाळी खालच्या बागेत बसा. तिथे तळं, कारंजी, दिवे आणि सगळ्या जातीधर्मांची कुटुंबं असतात. वरून शहर पाहायचंच असेल तर केएल टॉवर बरा, कारण त्यावरून खुद्द पेट्रोनास दिसतो. आणि हो, आता या शहरात याहून उंच इमारत आहे, ६७८.९ मीटरची मेर्देका ११८. पेतालिंग स्ट्रीटवरून ती डोक्यावर आल्यासारखी दिसते. ती स्टेडियम मेर्देकाला लागून आहे, जिथे ३१ ऑगस्ट १९५७ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली.

दुसऱ्या दिवशी बातू केव्हज. सकाळी आठला तिथे पोचा. दहानंतर बस येऊ लागतात आणि पायऱ्या तापतात. केएल सेंट्रलहून कोम्युटर रेल्वे थेट गुहांच्या दाराशी नेते, पण गाड्या फार नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहा. मुरुगनची सोनेरी मूर्ती ४२.७ मीटर उंच आहे, ती जानेवारी २००६ मध्ये उभी राहिली. मुख्य गुहेत जायला २७२ पायऱ्या. त्या २०१८ मध्ये इंद्रधनुषी रंगवल्या, म्हणून फोटोंत गोड दिसतात, प्रत्यक्षात खड्या आणि अरुंद आहेत. पाऊलभर रुंदीही पुरत नाही असं काही जागी वाटतं. गुडघेदुखी असेल तर आई-वडिलांना वर नेऊ नका, आणि न नेल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. खालीही देवळं आहेत. डाव्या हाताला हनुमानाची उंच मूर्ती आणि रामायण गुहा आहे. तिथे चढ बेताचा असून रामकथेचे देखावे आहेत. कुंभकर्णाला उठवतानाचा प्रसंग मुलांना हमखास आवडतो.

वर जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. गुडघे झाकलेले हवेत, स्त्रियांना त्याशिवाय वर सोडत नाहीत. खाली भाड्याने लुंगी मिळते, पण ओढणी घरूनच न्या. आणि हातात प्लास्टिकची पिशवी, बिस्किटं, केळी काही नको. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात, पाठीमागून येतात. चष्मा घालणाऱ्यांनी माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये.

थाईपूसम हा मुरुगनचा सण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. सणाआधी रात्री महामारिअम्मन देवळातून चांदीचा रथ निघतो आणि चालत बातूला पोचतो. लाखो लोक, कावडी, अंगात आलेले भक्त, टाळ-ढोल. वारीत चाललेल्या माणसाला हा मेळा फार जवळचा वाटेल. पण लहान मूल आणि वृद्ध बरोबर असतील तर नेमक्या त्या दिवशी गुहांकडे जाऊ नका. रथ शहरातून निघतो तो पाहा.

बातूहून रेल्वेने परत केएल सेंट्रलला या, म्हणजे आपोआप ब्रिकफील्ड्समध्ये येता. इथे केळीच्या पानावरचं जेवण. भात, सांबार, रसम, तीन भाज्या, पापड, वाढप्याला 'पुरे' म्हणेपर्यंत तो वाढत राहतो. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे समाधान झालं. टेंपल ऑफ फाइन आर्ट्सच्या आवारातलं अन्नलक्ष्मी हे पूर्ण शाकाहारी आहे, वडिलधाऱ्यांना तिथे निवांत बसता येतं. जवळच बुद्धिस्ट महाविहार आहे, सिंहली बौद्धांनी १८९४ मध्ये स्थापलेला. वैशाख पौर्णिमेला इथून मोठी मिरवणूक निघते, तिच्यात चिनी, सिंहली, भारतीय सगळे चालतात. महाराष्ट्रातून आलेल्या बौद्ध मंडळींना मी आवर्जून इथे नेतो, त्यांना हा विहार परका वाटत नाही. याच भागात अंध मालिशवाल्यांची दुकानं आहेत. अंधांच्या संस्थेमुळे ही परंपरा इथे रुजली. दिवसभर चाललेल्या पायांना त्याचा मोठा आधार.

जेवणाचं सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी माणसाचा प्रवास बिघडतो तो इथेच. मलय स्वयंपाकात 'बलाचान' म्हणजे वाटलेल्या कोळंबीचा घट्ट मसाला आणि 'इकान बिलिस' म्हणजे सुकी बारीक मासळी सर्रास असते. नासी लमाकचा नारळाच्या दुधातला भात शाकाहारी, पण सोबतच्या लाल सांबालमध्ये ही दोन्ही असतात. साध्या परतलेल्या पालेभाजीतही बलाचान पडतं. म्हणून 'व्हेज' एवढाच शब्द पुरत नाही, 'तक नक दागिंग, इकान, उदांग, तेलूर' असं सांगा. म्हणजे मांस, मासे, कोळंबी, अंडं नको. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांच्या टपऱ्या. तिथली रोती चनाई मऊ, पापुद्र्यांची, पराठ्याच्या जवळची. काही ठिकाणी पिठात अंडं असतं, विचारून घ्या. सोबत 'दाल' मागा, नाहीतर माशाचं कालवण येईल. तेह तारिक हा उंचावरून ओतून फेसाळलेला चहा फार गोड असतो, 'कुरांग मानीस' म्हटलं की साखर कमी.

आता तुमच्या आईंसाठी. कांदा-लसूण नको असेल तर भारतीय हॉटेलांपेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेलं जास्त भरवशाची. परंपरेने ते लोक कांदा-लसूण दोन्ही वर्ज्य मानतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी पुष्कळ चिनी शाकाहार पाळतात, म्हणून अशी हॉटेलं या शहरात भरपूर आहेत. दोन गोष्टी मात्र आईंना आधी सांगा. ताटात मटणासारखे किंवा माशासारखे तुकडे दिसतील, ते सोयाबीन, गव्हाचं सत्त्व नाहीतर अळंबीचे असतात. आणि काही पदार्थांत अंडं असू शकतं, तेवढं विचारायचं. ज्यांच्या गटात जैन मंडळी असतात त्यांना मी हेच सुचवतो.

संध्याकाळी थिअन हाऊ देवळात जा. हे हायनान बेटावरून आलेल्या चिन्यांचं, समुद्राची देवी माझू हिचं देऊळ. सहा स्तरांचं हे देऊळ टेकडीवर आहे, १९८० च्या दशकात पूर्ण झालं. लाल कंदिलांच्या रांगा दिवेलागणीला सुंदर दिसतात. इथे विवाहनोंदणी होते, म्हणून एखादं नवं जोडपं फोटो काढताना भेटेलच. चढाचा रस्ता आहे, टॅक्सीने जा.

तिसऱ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवा. पर्दाना बाग, तिथलं पक्षी उद्यान, राष्ट्रीय स्मारक, जे जमेल ते. वडील थकले असतील तर विश्रांती. संध्याकाळ मात्र कम्पुंग बारूसाठी राखून ठेवा. पेट्रोनासच्या पायथ्याशी म्हणावं इतक्या जवळ हे मलय गाव आहे. १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी शेती करण्यासाठी मलय कुटुंबांना ही जमीन दिली. ती आजही मलय मालकीचीच राहते, म्हणून बिल्डरांच्या हाती पूर्ण गेलेली नाही. खांबांवरची लाकडी घरं, अंगणात केळी, वाळत घातलेले कपडे, आणि छपराच्या मागे थेट जुळे मनोरे. लोकांच्या दारातून फोटो काढू नका. हसून 'सलाम' म्हणा, हात छातीशी न्या, परक्या स्त्रीपुढे हस्तांदोलनाला हात करू नका. बोट दाखवायचं तर तर्जनी नको, अंगठा वापरतात.

केएलसीसीकडून, म्हणजे पेट्रोनासच्या परिसरातून, इथे सालोमा ब्रिज या पादचारी पुलावरून या. २०२० मध्ये उघडलेला हा पूल मलय लग्नातल्या विड्याच्या पानांच्या रचनेवर बेतलेला आहे. आपल्याकडे सुपारी-विड्याशिवाय लग्न ठरत नाही, तसंच तिथेही आहे, हे आईंना सांगा. अंधार पडला की पुलावर दिवे रंग बदलतात.

कम्पुंग बारूबद्दल एक गंभीर गोष्ट माहीत असावी. १३ मे १९६९ ला निवडणुकीनंतर मलय आणि चिनी समाजांत याच भागातून दंगल पेटली. अधिकृत आकडा १९६ मृतांचा आहे. १९७१ पासून मलयांना शिक्षण, व्यवसायात प्राधान्य देणारं धोरण आलं, त्यावर आजही इथे मतभेद आहेत. म्हणून 'सगळे गुण्यागोविंदाने राहतात' हे जाहिरातीतलं वाक्य मी माझ्या लोकांना सांगत नाही. इथे शांतता आपोआप आलेली नाही, ती रोज सांभाळली जाते. ईद, चिनी नववर्ष, दिवाळी या सणांना 'रुमाह तर्बुका' असतो, म्हणजे घर सगळ्यांसाठी उघडं. शेजारी, सहकारी, परके येऊन जेवून जातात. त्या दिवसांत तुम्ही असाल आणि कुणी बोलावलं तर संकोच न करता जा. पण राजकारणावर टॅक्सीवाल्याला प्रश्न विचारू नका, तो स्वतः बोलला तर ऐका.

शेवटी व्यवहाराच्या गोष्टी. राहायला बुकित बिंतांग या मॉलच्या भागापेक्षा केएल सेंट्रल-ब्रिकफील्ड्स घ्या. इडली-डोसा खाली उतरताच मिळतो आणि सगळ्या रेल्वे तिथे जुळतात. तुम्ही पाच जण आहात, साध्या ग्रॅब टॅक्सीत चौघंच बसतात, म्हणून अॅपमध्ये सहा आसनांची गाडी निवडा. विमानतळापासून शहर तासाभराचं आहे. केएलआयए एक्स्प्रेस अठ्ठावीस मिनिटांत आणते, पण पाच तिकिटांपेक्षा मोठी ग्रॅब स्वस्त पडते. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. एमडीएसी नावाचा डिजिटल अर्ज पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी समजा. हॉटेलात दर खोलीला दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अॅडॉप्टर न्या. रस्त्याने चालताना पर्स वाहनांच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर. घड्याळ अडीच तास पुढे आहे आणि सूर्य बहुतेक सातनंतरच उगवतो, तेव्हा पहाटे फिरायला निघायची सवय असलेल्या वडिलांना पहिल्या दिवशी तेवढं सांगून ठेवा.

एजंट कार्यक्रम बदलायला तयार नसेल तर त्याच्याकडून फक्त विमानतळाची ने-आण, हॉटेल आणि बातूची गाडी घ्या. जुन्या शहराची सकाळ आणि कम्पुंग बारूची संध्याकाळ स्वतः करा. त्याला तिकीट लागत नाही, मार्गदर्शकही लागत नाही, फक्त चांगल्या चपला लागतात.